एकशे एकातला एक

धंद्याच्या नात्यापायी चुकवता न येणाऱ्या जेवणांना, भेटींना आणि समारंभांना मिळून चिनी भाषेत 'यिंगचोऊ' हा एकच शब्द आहे. 'यिंग' म्हणजे प्रतिसाद. 'चोऊ'च्या अक्षरात मद्यपात्राची खूण आहे. प्राचीन विधीत यजमान पाहुण्याला पेला देई, पाहुणा उलट पेला देई आणि यजमान पुन्हा भरी. या शेवटच्या भरण्याला 'चोऊ' म्हणत. परतफेड शब्दाच्या पोटातच आहे. अशा जेवणाच्या बैठकीला 'फानजू' म्हणतात. त्यातला 'जू' पटावरच्या डावालाही लागतो. साहेबाच्या वाटचे पेले आपण रिचवणे हे 'दांगजियू', म्हणजे दारू अडवणे. स्वतःच्या तब्येतीवर बेतणारी ही चाकरी इतकी रुळली, की तिला नाव मिळाले.

मराठीत 'यिंगचोऊ'चा अर्थ लोकाचार, ऊठबस, येणे-जाणे, मानपान अशा शब्दांत विखुरला आहे. त्याचा खरा भार मात्र एका क्रियापदावर आहे : जावे लागते. सातपुड्याच्या पायथ्याशी, शहादा तालुक्यातील म्हसावदच्या परिसरात पपई, केळी आणि ऊस पिकतो. शेतकऱ्याला हंगामाआधी उचल देणाऱ्या व्यापाऱ्याकडे लग्नाची पत्रिका द्यावी लागते, आणि व्यापाऱ्याला मांडवात यावे लागते. मृत्यूनंतर दारावर सांत्वनाला जाणे, गंधमुक्तीच्या विधीला बसणे यांतही व्यवहाराची माणसे मोजली जातात.

मांडवाच्या तोंडाशी टेबल टाकून आहेराची वही लिहिणारा माणूस या साऱ्या व्यवस्थेचा कारकून. नाव, गाव, रक्कम. मान वर न करता तो लिहीत राहतो. एकशे एक. पुन्हा एकशे एक. शंभराचा आकडा शून्यावर संपतो, वरचा एक रुपया हिशेब उघडा ठेवतो, असे सांगतात. चीनमध्येही अशी वही असते, 'लीबू'. पण तिथे लग्नात रक्कम सम हवी, कारण सुख जोडीने यावे. म्हसावदकडच्या मांडवात विषम एकशे एक शुभ.

पुढे आहेर देणाऱ्याच्या घरी लग्न निघाले की वही काढतात आणि लिहिलेल्याहून कमी देत नाहीत. उचल फेडणाऱ्या लहान शेतकऱ्याला हा आहेर जड जातो, तरी अडीनडीला पैसा याच येण्या-जाण्यातून उभा राहतो. ज्याला येणे जमले नाही तो एकशे एक कुणाच्या तरी हाती पाठवतो. वहीत त्याच्या नावापुढे आणणाऱ्याचे नाव 'हस्ते' म्हणून लिहिले जाते.