गिलाव्यातले धागे



आम्ही सारा जन्म इस्पितळात काढला. सिमेंट-वाळूशी आमचा संबंध हात मोडून आलेल्या गवंड्यांपुरताच. पण बेर-शेवामधल्या आमच्या जुन्या इमारतीची गच्ची एकदा नव्हे, दोनदा करावी लागली, आणि म्हातारपणी हा विषय शिकणं भाग पडलं. आपल्यापैकी पुष्कळजण जुन्या घरांत, पेन्शनवर राहतात. त्यांचे पैसे आमच्यासारखे वाया जाऊ नयेत म्हणून हे चार शब्द.

झालं असं. वाद-बायतने सगळ्यांकडून पैसे जमवले. कबलान तरुण, बोलका. म्हणाला, "गच्चीच्या थरात नवे प्लास्टिकचे धागे घालतो. तडा जाणार नाही, पाणीसुद्धा मारायला नको." काम नेमकं शरावच्या दिवशी, भर दुपारी झालं. वाळवंटाचा गरम वारा सुटलेला. संध्याकाळी वर जाऊन बघतो तर थरावर केसासारख्या भेगा! पुढे डांबराचं कापड अंथरणारा माणूस आला, त्याने हातोडीने ठोकून पाहिलं. डॉक्टर छाती ठोकून बघतात तसंच. "पोकळ वाजतंय, यावर मी कापड टाकणार नाही," म्हणाला. सगळं उखडावं लागलं.

आम्हाला वाटलं, धाग्यांचं थोतांडच असणार. पण तसं नाही. धागे चांगलेच आहेत, फक्त त्यांचं काम कोणतं ते समजलं पाहिजे.

हाडाला घालतो ते प्लास्टर आठवा. नुसती प्लास्टर ऑफ पॅरिसची पूड कालवून लावली तर ती सुकल्यावर चुरा होऊन पडेल. आतली जाळीदार पट्टी तिला धरून ठेवते. सिमेंटचंही तेच. दाब ते सहन करतं, ताण सहन करत नाही. ओतल्यावर पहिल्या काही तासांत ते अजून कोवळं असतं. ऊन-वाऱ्याने वरचं पाणी झपाट्याने उडालं, आतलं तितक्या वेगाने वर आलं नाही, की वरचा थर आकसतो आणि फाटतो. त्या वेळी आडवेतिडवे पसरलेले बारीक धागे त्याला सांधून धरतात.

कल्पना नवी नाही. कोकणात मातीच्या भिंतीसाठी चिखल तुडवताना त्यात भाताचा पेंढा नि तूस घालत. चुन्याच्या गिलाव्यात ताग घालत. आणि शमोतच्या पाचव्या अध्यायात फारोने आपल्या पूर्वजांना विटांसाठी गवत देणं बंद केलं, ही गोष्ट तर आपण सगळे जाणतो. विटेला गवत कशाला, हे आता नीट कळलं! प्लास्टिकचे धागे काँक्रीटमध्ये घालण्याचे प्रयोग अमेरिकेत 1965 च्या सुमारास सुरू झाले.

आज बहुधा पॉलीप्रॉपिलीनचे धागे वापरतात. ते गंजत नाहीत, आणि सिमेंटच्या क्षाराने खराबही होत नाहीत. केसाहून बारीक, लांबी साधारण 6 ते 19 मिलिमीटर. एक घनमीटर काँक्रीटचं वजन सुमारे 2400 किलो. त्यात धागे पडतात साधारण 900 ग्रॅम. पण इतक्यातच कोट्यवधी धागे येतात.

आता महत्त्वाचं. हे बारीक धागे लोखंडी सळयांची जागा घेत नाहीत. जाड, लांब धागे वेगळे असतात, जमिनीच्या फरशीत कधी कधी जाळीऐवजी ते चालतात, पण तो हिशेब इंजिनियरने करायचा. स्लॅब, खांब, तुळई आणि 1991 च्या आखाती युद्धानंतर नव्या घरांत आलेलं ममाद, यांत सळया लागतातच. "धागे घातलेत, लोखंड कमी चालेल" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

आगीत मात्र ह्या धाग्यांचा मोठा गुण दिसतो. 1996 साली इंग्लंड-फ्रान्समधल्या समुद्राखालच्या बोगद्यात आग लागली, तेव्हा काँक्रीटचे तुकडे उडून अस्तराचं फार नुकसान झालं. आत कोंडलेली वाफ हे त्याचं एक मोठं कारण. धागे असले तर ते 160 अंशांच्या जरा वर वितळतात आणि वाफेला बाहेर पडायला वाट करून देतात. म्हणून आता बोगद्यांच्या काँक्रीटमध्ये ते घालतात.

पुष्कळांनी आम्हाला विचारलं, हे ॲस्बेस्टॉससारखं तर नाही ना? नाही. ॲस्बेस्टॉसचे तंतू चिरत चिरत इतके बारीक होतात की फुप्फुसात खोल जाऊन बसतात. त्याने होणारा कर्करोग तीस-चाळीस वर्षांनीही उद्भवतो. इस्रायलमध्ये 2011 साली त्याविरुद्ध कायदा झाला. हे धागे त्यामानाने जाड असतात. तरी सिमेंटच्या धुळीसाठी तोंडाला मास्क हवाच. आणि ओलं सिमेंट कातडी भाजतं, तेव्हा हातमोजे घाला, अंगाला लागलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

दुसऱ्या वेळी आम्ही पहाटे काम सुरू करायला लावलं. धागे नीट मिसळले, गोळे राहिले नाहीत, हे उभं राहून पाहिलं. धाग्यांमुळे माल घट्ट दिसतो म्हणून गवंडी वरून पाणी ओततात, ते ओतू दिलं नाही. त्याने सिमेंट कमजोर होतं. मग गोणपाट ओले करून अंथरले, वर प्लास्टिक, आणि आठवडाभर पाळ्या लावून पाणी मारलं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजीबाईसुद्धा झारी घेऊन यायच्या.

हातोडीवाला पुन्हा आला. ठोकलं, ऐकलं, आणि कापड अंथरायला बसला.

रोग्याला औषध दिलं म्हणून शुश्रूषा थांबवायची नसते, मंडळी. गच्चीचंही तसंच आहे.

शालोम.