मनोविकासनगरचा धडा

सिकंदराबादमध्ये बोवेनपल्लीला मनोविकासनगर म्हणून एक पत्ता आहे. १९८४ साली केंद्र सरकारने तिथे राष्ट्रीय मानसिक विकलांग संस्था सुरू केली. आज ती राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्था या नावाने ओळखली जाते आणि नवी मुंबई, नोएडा, कोलकाता इथेही तिची केंद्रे आहेत. मराठवाड्याला हे गाव परके नाही. १९५६ पर्यंत आपण एकाच राज्यात होतो, आणि नांदेड-परभणीकडची कितीतरी कुटुंबे मोठ्या दुखण्यासाठी आजही मुंबईपेक्षा हैदराबाद-सिकंदराबादची गाडी पकडतात. त्यांच्यात असेही आईबाप असतात, ज्यांचे मूल तीन वर्षांचे होऊनही बोलत नाही, हाक मारली तर वळून बघत नाही किंवा पाच वर्षांचे झाले तरी आपल्या हाताने जेवत नाही. आईच्या पिशवीत कागदांची जाडजूड फाइल असते आणि मनात एकच प्रश्न असतो: माझे काय चुकले?

या प्रश्नाची उत्तरे गावात तयारच असतात. ग्रहणात विळी हातात धरली असेल. नजर लागली असेल. शहरातली उत्तरे जरा निराळी: आई नोकरी करते, मोबाइल हातात दिला, एकुलता एक म्हणून लाडावला. बोट मात्र दोन्हीकडे आईकडेच जाते. बालपणाचा मनावर खोल ठसा उमटतो, याबद्दल आता शंका उरलेली नाही. पण त्या ज्ञानाचा उपयोग आईवर ठपका ठेवण्यासाठी होतो तेव्हा मुलाचे नुकसान दुप्पट होते, हे मला आग्रहाने सांगायचे आहे.

आधी एक गल्लत दूर करू. बौद्धिक अक्षमता म्हणजे मानसिक आजार नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही मानसिक आजाराच्या व्याख्येतून ती वगळली आहे. डाउन सिंड्रोम गुणसूत्रातल्या फरकामुळे होतो. स्वमग्नतेची मुळे बहुतांशी अनुवंशात आणि जन्माआधीच्या मेंदूच्या घडणीत असतात. गरोदरपणात आयोडीन कमी पडणे, जन्मताना प्राणवायू न मिळणे, लहानपणी मेंदूज्वर होणे, यांनीही बुद्धीची वाढ खुंटते. याउलट नैराश्य, चिंताविकार, व्यसन यांच्या मागे बालपणातल्या अनुभवांचा हात बराच असतो. दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळतात हेही खरे. ज्या मुलाची बुद्धी मंद गतीने वाढते, त्याला वर्गात चिडवले जाते, घरात मार बसतो, आणि मग मूळ अक्षमतेवर भीती-निराशेचा थर चढतो. पहिली गोष्ट टळण्यासारखी नसेलही, दुसरी नक्की टळू शकते.

आईला दोष देण्यात डॉक्टरही मागे नव्हते. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी स्वमग्नतेचे सविस्तर वर्णन केले. मूल जन्मतःच असे असते, असे त्यांनी त्यात नोंदवले होते, पण पुढे आईबापांच्या थंड वागण्याकडे त्यांचा रोख वळला. ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या पुस्तकात हा आरोप टोकाला नेला. दहाएक वर्षांनी, १९७७ मध्ये, सुसान फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी एकवीस जुळ्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकसारख्या जुळ्यांत दोघांनाही स्वमग्नता असण्याचे प्रमाण इतर जुळ्यांपेक्षा ठळकपणे जास्त निघाले आणि अनुवंशाचा वाटा समोर आला. मधल्या काळात किती आयांनी स्वतःला गुन्हेगार समजून दिवस काढले असतील, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

मग अनुभवांचे काय? १९८५ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो इथे डॉ. व्हिन्सेंट फेलिटी लठ्ठपणावर उपचार करत होते. वजन चांगले उतरत असलेले रुग्णच उपचार सोडून जात, हे त्यांना कोडे वाटले. बोलते केल्यावर कळले की यांतल्या अनेकांवर लहानपणी लैंगिक अत्याचार झालेले होते. पुढे रॉबर्ट अँडा यांच्या साथीने त्यांनी सतरा हजारांहून अधिक प्रौढांना बालपणाविषयी विचारले: मारहाण, अत्याचार, घरात दारू, आईला होणारी मारझोड, घरातले कोणी तुरुंगात. १९९८ च्या त्यांच्या निबंधानुसार, ज्यांच्या वाट्याला अशा चार किंवा अधिक प्रकारच्या गोष्टी आल्या, त्यांच्यात नैराश्य, व्यसन आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पट होता. ही मोजणी समाजासाठी आहे. एखाद्याच्या बालपणाचे गुण मोजून त्याचे भविष्य सांगणे चूक आहे, असे अँडा यांनीच नंतर बजावले.

आपल्याकडचे चित्रही सुखावह नाही. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये तेरा राज्यांतल्या बारा हजारांहून अधिक मुलांचा अहवाल प्रसिद्ध केला. तेव्हाचा आंध्र प्रदेश त्यात होता, महाराष्ट्रही होता. तीनांतल्या दोन मुलांनी मार खाल्ल्याचे सांगितले आणि निम्म्याहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या लैंगिक छळाचा अनुभव सांगितला. छळणारे बरेचसे ओळखीचे, विश्वासातले होते.

अशा अनुभवांचा परिणाम शरीरात होतो कसा? भीती वाटली की छाती धडधडते, रक्तात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते. आजीने जवळ घेतले, पाठीवरून हात फिरवला की ते उतरते. एवढ्यातेवढ्या भीतीने मुलाचे काही बिघडत नाही, उलट ते सावरायला शिकते. पण भीतीचे कारण घरातच असेल, रोज रात्री बाप पिऊन येणार असेल आणि जवळ घेणारे कोणीच नसेल, तर शरीर सतत सावध राहते. स्मरण, भीती आणि स्वतःला आवर घालणे यांच्याशी निगडित मेंदूचे भाग नेमके बालपणाच्या वर्षांत घडत असतात. असे मूल शाळेत चिडखोर किंवा बधिर दिसते, आणि आपण त्याला मठ्ठ म्हणून मोकळे होतो.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. आई समोर बसून तान्ह्या मुलाशी बोलते, हसते. मूलही हुंकारते. मग आई दोन-तीन मिनिटे चेहरा कोरा ठेवते. मूल आधी हसून पाहते. मग हात पुढे करते, ओरडते, अंग ताठ करते. काही जमेना म्हटल्यावर तोंड फिरवते. आईचा चेहरा पुन्हा हलू लागला की बहुतेक मुले काही वेळाने सावरतात. दोन मिनिटांत काही बिघडत नाही. पण ज्या आईचा चेहरा आजारामुळे महिनोन्‌महिने कोरा राहतो, तिच्या मुलाचे काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपल्याला गोव्याला जाता येते. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयातल्या मातांचा अभ्यास केला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे २३ टक्के मातांना नैराश्य होते. अशा मातांची बाळे सहा महिन्यांची झाली तेव्हा वजनात आणि मानसिक विकासातही मागे आढळली. आता कारणे बघा: गरिबी, नवऱ्याची मारहाण, आणि मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून घरात पसरलेली नाराजी. कोऱ्या चेहऱ्यामागे नवरा आहे, सासर आहे, रिकामा डबा आहे. आईला एकटीलाच जाब विचारणारे या सगळ्यांना मोकळे सोडतात. मला याचा राग येतो.

मनोविकासनगरात आईला शिकवले जाते. बाहेरगावच्या कुटुंबांना मुलासह काही दिवस राहून शिकता यावे म्हणून आवारातच कॉटेजची सोय केलेली आहे. शिकायचे काय, तर उदाहरणार्थ शर्टाचे बटण लावणे. आपल्याला ते एक काम वाटते. तिथे त्याचे तुकडे पाडतात: एका हाताच्या चिमटीत बटण, दुसऱ्या हाताने काज पकडायचे, बटणाची कड आत सरकवायची, पलीकडून धरायची, ओढायची. सुरुवातीला मोठ्या माणसाने सगळे करायचे आणि शेवटचे ओढणे तेवढे मुलाकडे ठेवायचे. बटण लागले की लगेच शाबासकी, म्हणजे प्रत्येक वेळी काम पुरे केल्याचा मान मुलालाच मिळतो. ते जमले की शेवटचे दोन तुकडे त्याच्याकडे, मग तीन. पुढच्याऐवजी मागच्या टोकाकडून शिकवण्याची ही रीत मुलाला अपयशाच्या मारापासून वाचवते.

हट्टी, आक्रस्ताळ्या वागण्याकडेही असेच बारकाईने पाहतात. मूल डोके आपटते, तर त्याच्या आधी काय घडले आणि नंतर त्याला काय मिळाले, हे लिहून काढायचे. अनेकदा कळते की बोलता येत नसलेल्या मुलाची ती मागणी असते, आणि ती मागायची दुसरी खूण शिकवली की आपटणे कमी होते. रीता पेशावरिया आणि एस. वेंकटेशन यांनी याच संस्थेत १९९२ मध्ये भारतीय मुलांसाठी वर्तनमापनाची श्रेणी तयार केली. कुटुंबाच्या गरजा जाणून घेण्यासाठी इथे जी प्रश्नावली घडली, तिच्यात आईबापांबरोबर भावंडांचा आणि आजीआजोबांचाही स्वतंत्र विचार आहे. सिकंदराबादचे मला सर्वांत मोलाचे वाटणारे काम हेच. मूल एकट्या आईचे नसते, हे त्यांनी कागदावर आणले. मुंबईच्या जय वकील संस्थेने घडवलेला आणि सिकंदराबादच्या संस्थेने मान्य केलेला अभ्यासक्रम आता महाराष्ट्रातल्या विशेष शाळांपर्यंतही पोहोचला आहे.

सिकंदराबादच्याच अंगाला तारनाक्यावर राष्ट्रीय पोषण संस्था आहे.  १९८७ ते १९९० या काळात तिच्या एका प्रयोगात हैदराबादजवळच्या काही खेड्यांत गरोदर बायका आणि सहा वर्षांखालच्या मुलांना पूरक आहार दिला गेला. पुढे पौगंडावस्थेत ही मुले शेजारच्या खेड्यांतल्या मुलांपेक्षा उंचीने थोडी अधिक आणि शाळेत जास्त टिकलेली आढळली. अंगणवाडीतला घास मेंदूपर्यंत जातो.

उशिराने केलेली मदत किती उपयोगी पडते? रुमानियात २००० साली बुखारेस्टच्या अनाथालयांतली १३६ मुले निवडून, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे करून, निम्मी सांभाळणाऱ्या कुटुंबांत पाठवली गेली. साडेचार वर्षांची झाल्यावर कुटुंबातल्या मुलांत चिंता आणि नैराश्य कमी दिसले. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांची बुद्धी अधिक वाढली. अतिचंचलतेत मात्र फरक पडला नाही. म्हणजे वेळेला किंमत आहे, आणि प्रेमाने सगळेच भरून निघते असेही नाही. दुसऱ्या बाजूला हवाई बेटांतल्या काउआईवर एमी वर्नर यांनी १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा अनेक दशके मागोवा घेतला. गरिबी, भांडणे, आईबापांचे आजार अशा घरांत वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले कर्ती, प्रेमळ माणसे झाली. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या आयुष्यात निदान एक भरवशाचे माणूस होते. आजी, मावशी, एखादे मास्तर.

दिवाळीला घरात चार पाहुणे येतील, त्यांत लहान मुले असतील. तान्हे मूल चार-पाच महिन्यांचे झाले तरी मान धरत नसेल, नऊ-दहा महिन्यांचे होऊनही आधाराशिवाय बसत नसेल, दीड वर्षाचे होऊन एकही शब्द बोलत नसेल, नावाने हाक मारल्यावर बघत नसेल, तर ‘बाप उशिराच बोलला होता’ असे म्हणून थांबू नका. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळेतल्या मुलांची तपासणी होते, आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. सिकंदराबादच्या संस्थेतही जून २०२१ पासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असे केंद्र चालते. तिथे मुलाबरोबर बापालाही पाठवा. बाळंतीण गप्प गप्प असेल, तर तिच्या मुलाआधी तिची विचारपूस करा. मन खचलेल्या कुणालाही टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आणि मराठीतही बोलता येते. मुलावर अत्याचार होत असल्याची शंका आली, तर क्रमांक १०९८.