मुंबई ते लंडन : अंतर एक, वेळा दोन

मंडळी, आज तिकिटापासून सुरुवात करू. समजा, हिवाळ्यात मुंबईहून दुपारी १ वाजता विमान सुटतं आणि लंडनला संध्याकाळी साडेपाचला पोचतं. परतीचं विमान तिथून रात्री ९ ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला मुंबईत उतरतं. म्हणजे जायला साडेचार तास आणि यायला साडेचौदा? अंतर तर तेच आहे!

आधी अंतर बघू. पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. ती सर्वांत जवळची वाट, सुमारे ७,२०० किलोमीटरची. प्रत्यक्षात विमान थोडं जास्तच उडतं. २०१९ मध्ये पाकिस्तानने काही महिने हवाई हद्द बंद ठेवली, तेव्हा पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक विमानांना वळसा घ्यावा लागला होता.

आता वारा. साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीशी असतात. तुम्ही म्हणाल, मग जाताना गमावलं ते येताना मिळालं, फिटंफाट! इथेच आपण फसतो. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर आणि वारा १०० चा धरा. जाताना वेग उरला ८००, लागले ९ तास. येताना वेग झाला १,०००, लागले ७ तास १२ मिनिटं. एकूण १६ तास १२ मिनिटं. वारा नसता तर १६ तासच लागले असते. कारण उघड आहे. विरुद्ध वाऱ्यात आपण जास्त वेळ असतो, म्हणून तोटा मोठा आणि फायदा छोटा.

धावपट्टीवरचा वेळ, चढणं-उतरणं, वळसे धरून आपल्या उदाहरणात जायला १० तास लागले, यायला ९. मग तिकिटावर भलतंच का दिसतं? कारण तिथे प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. जाताना घड्याळ साडेपाच तास उसने देतं आणि येताना वसूल करतं. साडेचार आणि साडेचौदा मिळून १९, दहा आणि नऊ मिळूनही १९. घड्याळाची उसनवारी फिटते, वाऱ्याची फिटत नाही.

ही नुसती गंमत नाही बरं का. तुमची आई लेकीकडे लंडनला निघाली आहे, आणि तिला दर बारा तासांनी गोळी घ्यायची आहे. सकाळी ९ ची गोळी मुंबईत घेतली. पुढची तिनं लंडनच्या रात्री ९ ला घेतली, तर मधे साडेसतरा तास गेले! म्हणून प्रवासात एक घड्याळ भारतीय वेळेवरच राहू द्या, आणि गोळ्यांच्या वेळा निघण्याआधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या. शरीर तास मोजतं, गावाचं घड्याळ नाही.