शुचिता कीं मंत्रचळ?

सोंवळ्याओंवळ्याच्या घरांत मूल वारंवार हात धुऊं लागलें, तर वडीलमंडळी त्याचें कौतुकच करतात. आम्हींही पूर्वी वर्गांतील एका मुलाची टापटीप वाखाणली होती. एकच ओळ दहादां खोडून लिहितां लिहितां त्याची उत्तरपत्रिका अपुरी राहते, हें आमच्या ध्यानांत फार उशिरां आलें.

२ ते ४ वर्षांच्या मुलानें ठराविक क्रमाचा हट्ट धरणें स्वाभाविक आहे. तो बहुधा वयाबरोबर सरतो. परंतु कातडी सोलवटेपर्यंत हात धुणें, कडी पुनःपुन्हां पाहणें, 'आईला कांहीं होणार नाहीं ना?' हेंच सतत विचारणें, अडविल्यास घाबरून जाणें, यांत दिवसाचा तासाहून अधिक वेळ जाऊं लागल्यास मंत्रचळाचा संशय घ्यावा. मनांत भीति शिरते, कृतीनें ती क्षणभर शमते, म्हणूनच कृति वाढत जाते.

अशा मुलास रागावूं नये. तसेंच दरवेळीं त्याच्या शंकेचें समाधानही करीत बसूं नये, त्यानें विकार पोसला जातो. मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. भीतीस हळूहळू सामोरें जाऊन कृति टाळण्याचा अभ्यास, व जरूर तर औषध, यांनीं पुष्कळ मुलांस उतार पडतो. केंद्र सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेल्या 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.