थरांची चित्रे आणि घरची गुप्तता

पुण्यात १८७८ साली निघालेल्या चित्रशाळेत शिळाछापाच्या रंगीत चित्रास प्रत्येक रंगाचा निराळा दगड लागे. गिऱ्हाइकाच्या हाती मात्र छापलेला कागदच पडे. फोटोशॉपची फाइलही अशीच थराथरांची असते आणि तिची पीडीएफ म्हणजे तो छापलेला कागद होय. परंतु लग्नपत्रिकेची अशी फाइल पीडीएफसाठी अनोळखी संकेतस्थळावर चढविली, तर घरची नावे व पत्ते परक्या संगणकावर जातात. त्यापेक्षा ‘गिम्प’ हा विनामूल्य प्रोग्राम आपल्याच संगणकावर घ्यावा. मूळ फाइलीची नक्कल त्यात उघडावी, दिसणारे थर एकजीव करावेत व मग पीडीएफ काढावी. थर तसेच राहिल्यास झाकलेला जुना मजकूरही सोबत जाण्याचा संभव असतो. मूळ फाइल मात्र जपून ठेवावी. एकजीव होऊन साठविलेले थर पुन्हा सुटे होत नाहीत.