संगीताच्या मंचावर टॅब्लेट : भार कसा हलका करावा?

गोवळकोंड्याचा किल्ला पाहायला गेलेल्या बहुतेकांनी फतेह दरवाजाच्या घुमटाखाली उभे राहून टाळी वाजवलेली असते. ती टाळी सुमारे एक किलोमीटर दूर, उंचावरच्या बाला हिसारपर्यंत ऐकू जाते, म्हणून वाटाडे कुतुबशाही कारागिरांचे कौतुक करतात. ते कौतुक योग्यच आहे. परंतु त्या टाळीत आणखी एक धडा आहे. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो. म्हणजे खाली वाजलेली टाळी वर पोहोचायला जवळजवळ तीन सेकंद लागतात. पहारेकऱ्याला तेवढा उशीर चालत असे. गाणाऱ्याला मात्र सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याचा उशीरही चालत नाही. हा उशीर टाळण्याच्या धडपडीत आपण हातातल्या यंत्रावर किती भार टाकतो आणि तो हलका कसा करावा, याविषयी आज चार गोष्टी सांगणार आहे.

पूर्वी मंचावर गिटारवाल्याच्या पायाशी धातूच्या चार-सहा पेट्या असत. एक स्वर खरखरीत करी, दुसरी प्रतिध्वनी देई, तिसरी घुमारा. आज या साऱ्यांचे काम एक टॅब्लेट करतो. माइक आणि वाद्ये एका छोट्या जोडपेटीतून त्याला जोडायची, आत हवे ते ध्वनिपरिणाम मांडायचे आणि तयार झालेला आवाज ध्वनिवर्धकाकडे धाडायचा. खर्च कमी, ओझे कमी. त्यामुळे शाळा, भजनी मंडळे आणि चर्चचे गायनवृंद यांना ही सोय मोठी वाटते.

मलाही तशीच वाटली. मी शिक्षक आहे. संगीत हा माझा विषय नव्हे. लहानपणी गायनवृंदात जे कानावर पडले त्या शिदोरीवर मुलांचा एक लहानसा वाद्यवृंद सांभाळतो. काही वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनात आठवीतली एक मुलगी गात होती. दुसऱ्या कडव्याच्या आरंभीच ध्वनिवर्धकातून तडतड सुरू झाली, स्वर तुटू लागले. मुलीला वाटले, आपलाच आवाज फाटला. ती थांबली, डोळे पुशीत आत आली आणि म्हणाली, “सर, मी आता पुन्हा माइकवर गाणार नाही.” चूक तिची नव्हती, यंत्राचीही नव्हती. ती माझी होती. ती कोणती, हे शोधता शोधता मी जे शिकलो तेच आज सांगतो.

टॅब्लेटला आवाज कळत नाही. त्याला आकडे कळतात. जोडपेटी आवाजाची उंची सेकंदाला ४८,००० वेळा मोजते आणि तेवढे आकडे, म्हणजे नमुने, आत पाठवते. टॅब्लेट ते एकेक करून हाताळत नाही. तो त्यांच्या जुड्या बांधतो. अशा जुडीला बफर म्हणतात. समजा, एका जुडीत २५६ नमुने आहेत. मग सेकंदाला सुमारे १८७ जुड्या येतात आणि एकेक जुडी संपवायला यंत्राजवळ ५.३ सहस्रांश सेकंद असतात.

आता शाळेचे उदाहरण घ्या. प्रत्येक तासाला शिक्षकाजवळ वह्यांचा एक गठ्ठा येतो आणि घंटा होण्यापूर्वी तो तपासून द्यायचाच आहे. दिवसभरात सरासरी किती वह्या तपासल्या, याला येथे अर्थ नाही. एका तासाचा गठ्ठा घंटेनंतर मिळाला, तरी पुढच्या वर्गाचे हात रिकामे राहिले. टॅब्लेटचे असेच आहे. एक जुडी वेळेत तयार झाली नाही की ध्वनिवर्धकाकडे पाठवायला काहीच नसते. तो रिकामा क्षण म्हणजेच ती तडतड. म्हणून ‘माझा टॅब्लेट नवा आहे, त्याचे बरेच बळ शिल्लक दिसते’ या भरवशावर राहू नये. आधुनिक प्रोसेसरला अनेक गाभे असतात हे खरे. परंतु एकापुढे एक जोडलेल्या परिणामांत दुसऱ्याला पहिल्याचे उत्तर मिळाल्याखेरीज हात घालता येत नाही. एक गाभा घामाघूम आणि बाकीचे बसलेले, असे त्यामुळे सहज घडते.

यावरून पहिला उपाय सुचतो : जुडी मोठी करा. प्रत्येक जुडीमागे सामान काढण्याचे आणि आवरण्याचे काही ठरीव काम असते. जुड्या मोठ्या व थोड्या असल्या की ते काम वाचते, आणि एखादा अवघड क्षण आला तरी सावरायला सवड मिळते. पण जुडी मोठी म्हणजे उशीर मोठा. कारण एक जुडी भरेपर्यंत थांबायचे आणि दुसरी वाजेपर्यंत थांबायचे. ६४ नमुन्यांच्या जुडीने हा दुहेरी उशीर पावणेतीन सहस्रांश सेकंदांच्या आसपास होतो, २५६ ने पावणेअकराच्या, ५१२ ने एकवीसच्या आणि १०२४ ने सुमारे त्रेचाळीसच्या. जोडपेटीचा स्वतःचा थोडा उशीर यात आणखी मिळवावा लागतो.

हे आकडे भिववतात. म्हणून ते मीटरांत मोजून पाहा. २५६ च्या जुडीचा उशीर म्हणजे ध्वनिवर्धकापासून साडेतीन-पावणेचार मीटरवर उभे राहणे. मंचावर वादक सहज इतक्या अंतरावर असतात. १०२४ चा उशीर मात्र साडेचौदा मीटरांचा. तेथे ताल सुटतो. मी त्या दिवशी हौसेने ६४ ची जुडी ठेवली होती. आता २५६ ठेवतो. केवळ आधी ध्वनिमुद्रित केलेली साथ वाजवायची असेल आणि समोर कोणी थेट गात-वाजवत नसेल, तर जुडी आणखी मोठी ठेवायलाही हरकत नाही.

दुसरा उपाय नमुन्यांच्या गतीचा. सेकंदाला ९६,००० नमुने घेण्याची सोय पुष्कळ जोडपेट्यांत असते आणि मोठा आकडा पाहून मोह होतो. परंतु माणसाचा कान सुमारे २०,००० कंपनांपलीकडचे ऐकत नाही आणि तेवढ्यासाठी ४८,००० नमुने पुरतात. ९६,००० केले की प्रत्येक परिणामाचे काम जवळजवळ दुप्पट होते. श्रोत्याच्या पदरात मात्र काही पडत नाही. गिटारचा स्वर खरखरीत करणारे काही परिणाम आतल्या आत ही गती चौपट वा आठपट करतात. त्यांच्यात ‘उच्च दर्जा’ असे बटण असते. ध्वनिमुद्रणात ते जरूर वापरावे. मैदानावरच्या कार्यक्रमात ते बंद ठेवले तर कोणाच्या ध्यानातही येणार नाही.

तिसरा उपाय घुमाऱ्याचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. विजापूरच्या गोल घुमटात एक हाक मारली की ती पुन्हा पुन्हा परत येते. असा घुमारा यंत्रात दोन रीतींनी आणतात. एक रीत अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेतील मॅनफ्रेड श्रोडर यांनी १९६१-६२ च्या सुमारास दाखवली : थोडे प्रतिध्वनी परस्परांत फिरवत ठेवून भरगच्च घुमाऱ्याचा भास निर्माण करायचा. ती स्वस्त पडते. दुसऱ्या रीतीत खऱ्याच वास्तूत एक तीव्र आवाज करून तिचा घुमारा टिपतात आणि त्याचा ठसा प्रत्येक स्वरावर उमटवतात. तिला कन्व्होल्यूशन म्हणतात. तिचे बिल पाहा. तीन सेकंदांचा घुमारा म्हणजे १,४४,००० नमुने. सरळ रीतीने गेल्यास प्रत्येक नव्या नमुन्यासाठी तेवढे गुणाकार, म्हणजे सेकंदाला सुमारे ६९१ कोटी! कूली आणि टुकी यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या जलद गणिती पद्धतीमुळे हे काम पुष्कळच कमी होते. तरीही ही रीत महागच राहते.

माझी खरी चूक येथे होती. गायिका, गिटार, बासरी, कीबोर्ड आणि कोरस अशा पाचही जणांना मी पाच स्वतंत्र घुमारे दिले होते, आणि त्यांतले दोन महागडे. वस्तुतः एका दिवाणखान्यात पाच माणसे बोलली तर दिवाणखाना एकच असतो. म्हणून घुमारा एकच मांडावा आणि प्रत्येकाच्या आवाजाचा थोडा थोडा अंश त्याच्याकडे वळवावा. बहुतेक मिश्रण-ॲपमध्ये ही सोय असते. यामुळे भार तर उतरतोच, शिवाय सारी मंडळी एकाच जागी बसून गात आहेत असा सुखद भास होतो. आणि उंच छताच्या जुन्या चर्चमध्ये किंवा दगडी सभागृहात कार्यक्रम असेल, तर घुमारा अजिबात लावू नये. वास्तू तो फुकट देते.

चौथा उपाय घर आवरण्याचा. एखाद्या वाद्याचा आवाज शून्यावर ओढला म्हणजे त्याचे काम थांबले असे समजू नये; पुष्कळदा पडद्याआड त्याचे गणित चालूच असते. या गाण्यात नको असेल ते मांडणीतूनच काढून टाकावे. तानपुऱ्यासारखा अखंड स्वर टॅब्लेटवरील संश्लेषक वाद्याकडून क्षणोक्षणी घडवून घेण्यापेक्षा आधी मुद्रित करून वाजवावा. मुद्रित आवाज वाजवायला यंत्राला फार थोडे कष्ट पडतात. नाचणाऱ्या रेषांची चित्रे दाखवणाऱ्या खिडक्या बंद कराव्यात. नवी मांडणी गाण्याच्या मध्ये उघडू नये, दोन गाण्यांच्या मधल्या निवेदनात उघडावी.

पाचवा उपाय आपल्या हवेचा. ॲपल कंपनीने आयपॅड वापरण्याच्या जागेचे तापमान ० ते ३५ अंश सेल्सियस असावे असे सांगितले आहे. हैदराबादेत मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि मंचावर दिव्यांची धग वेगळीच. यंत्र तापले की स्वतःच्या रक्षणासाठी ते आपली गती कमी करते, आणि सकाळी बिनतक्रार चाललेली मांडणी दुपारी तुटू लागते. म्हणून टॅब्लेट उन्हात ठेवू नये, त्याचे जाड आवरण काढावे आणि बॅटरी आधीच भरून आणावी. भरतानाही ती तापते. वीज वाचवण्याची सोय सुरू असेल तर ती बंद करावी, कारण तीही प्रोसेसरला संथ करते. विमान-प्रवासाची सोय लावून निरोप व फोन थांबवावेत. बिनतारी कानयंत्रे तर दूरच ठेवावीत; त्यांचा उशीर गाणाऱ्याला सोसणारा नसतो.

शेवटी परीक्षेविषयी. मी प्रत्येक वाद्य वेगवेगळे तपासले होते आणि सगळे उत्तीर्ण झाले होते. सगळी एकदम वाजवून कधी पाहिलेच नव्हते. तालीम घ्यायची ती सर्वांनी मिळून, सर्वांत गजबजलेल्या गाण्याची, निदान तासभर. ॲपमध्ये भार दाखवणारा आकडा असतो, त्याच्यावर नजर ठेवावी. मी तो शंभरात साठाच्या आत ठेवतो. उरलेले चाळीस उष्म्यासाठी आणि अनपेक्षितासाठी. एका वेळी एकच बदल करावा आणि आकडा किती उतरला ते वहीत टिपावे. ही वही पुढच्या वर्षी उपयोगी पडते.

मी तशी वही केली. पाच घुमाऱ्यांचा एक झाला, जुडी मोठी झाली, तीन परिणाम कायमचे गेले. त्या मुलीला मी सांगितले, की तुझा आवाज फाटला नव्हता, माझे गणित चुकले होते. तिने वही वाचली, दोन प्रश्न विचारले आणि पुढच्या तालमीला आपण होऊन आली. पुढच्या संमेलनात तिने तेच गाणे पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत म्हटले.

कार्यक्रमानंतर मी मुद्दाम काही पालकांना विचारले, मागच्या वेळेपेक्षा काही कमी वाटले का? कोणालाच काही कमी वाटले नव्हते. श्रोतेहो, आपण जे काढून टाकले त्याची आठवण कोणालाही झाली नाही, तर ते मुळात जास्तच होते असे समजावे. गाणाऱ्याचा आवाज तेवढा अखंड पोहोचला पाहिजे.