स्लो कुकरमधले चीजवाले बटाटे

अमेरिकेत यूटामध्ये कुणी वारलं की शेजारपाजारचे त्या घरी जेवण पोचवतात. त्यात चीज घातलेले बटाटे हमखास असतात, म्हणून त्यांना 'फ्युनरल पोटॅटोज' म्हणतात. नावावर जाऊ नका. सणावारीही ते तितक्याच आवडीने खाल्ले जातात. २००२च्या सॉल्ट लेक सिटी हिवाळी ऑलिंपिकमध्ये तर त्यांचं चित्र असलेला बिल्ला निघाला होता.

मूळ पदार्थ ओव्हनमधला, पण पाहुणे आले की ओव्हन दुसऱ्या पदार्थांत अडकलेला असतो. तेव्हा स्लो कुकर कामी येतो. बटाट्याचा साधारण ८५० ग्रॅम गोठवलेला कीस, डब्यातलं घट्ट चिकन सूप, वाटीभर सावर क्रीम, दोन वाट्या चेडर आणि बारीक चिरलेला कांदा एकत्र करून मंद आचेवर चार-पाच तास ठेवायचं. कीस आधी पूर्ण वितळू द्या, नाहीतर पाणी सुटतं. चीज घरीच किसा. पाकिटातल्या किसाला तो चिकटू नये म्हणून स्टार्च लावलेला असतो, त्यामुळे सॉस रवाळ होतो. सारखं झाकण उघडू नका. कोंडलेली वाफ गेली की भांडं पुन्हा तापायला बराच वेळ घेतं.

कॉर्नफ्लेक्सचा चुरा लोण्यात परतून अगदी वाढताना भुरभुरा, आधी घातला तर त्याचा लगदा होतो. शाकाहारी असाल तर मश्रूमचं सूप घ्या, मात्र डब्यावरचं आणि चीजवरचं लेबल वाचून घ्या.